‘ट्रान्सेंडंट किंगडम’: वाचकांकडून वारंवार येणारे प्रश्न

लेखिका या जेसी (Yaa Gyasi) यांच्या ‘ट्रान्सेंडंट किंगडम’ या कादंबरीवर वाचनगटात बोलणं झालं की पुढे बरेच दिवस निरोप येत राहतात, आणि त्यातले निम्मे प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. शेवट फोडणारा प्रश्न एकच आहे, पंधरावा. पुस्तक अजून वाचून व्हायचं असेल तर तेवढा वगळा.

१. कादंबरी थोडक्यात कशाबद्दल आहे?

गिफ्टी ही अठ्ठावीस वर्षांची तरुणी कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठात मेंदूविज्ञानात पीएच.डी. करते आहे. आईवडील पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाचे, ती स्वतः अमेरिकेत अलाबामा राज्यात जन्मलेली. मोठा भाऊ नाना शाळेच्या बास्केटबॉल संघातला सगळ्यांचा लाडका खेळाडू. खेळताना त्याचा घोटा दुखावतो, डॉक्टर वेदनाशामक गोळ्या देतात. गोळ्यांवरून तो हेरॉइनवर जातो आणि मिसरूड फुटायच्या वयात संपतो. तेव्हा आईनं अंथरूण धरलं होतं. आता इतक्या वर्षांनी तिनं पुन्हा अंथरूण धरलंय. या वेळी ती लेकीच्या घरी, लेकीच्याच पलंगावर, भिंतीकडे तोंड करून पडून आहे.

नानाचा मृत्यू आधीच सांगून टाकला म्हणून रागावू नका. लेखिकाही तो लपवत नाही. तो मेला हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं. उरलेलं पुस्तक मागे राहिलेल्या दोघींचं आहे.

२. लेखिका कोण? ही तिच्याच घरची गोष्ट आहे का?

या जेसी यांचा जन्म १९८९चा, घानातल्या माम्पोंगचा. वडिलांच्या पीएच.डी.मुळे कुटुंब १९९१मध्ये अमेरिकेत आलं आणि पुढे अलाबामातल्या हंट्सव्हिल शहरात स्थिरावलं. गुलामांच्या व्यापारात दुभंगलेल्या एका घराण्याच्या पिढ्यांवरची त्यांची पहिली कादंबरी २०१६मध्ये आली. ही दुसरी, २०२०ची. २०२१च्या विमेन्स प्राइझच्या अंतिम यादीत ती होती.

गाव, देश, चर्च आणि विद्यापीठ लेखिकेच्या ओळखीचं आहे. गोष्ट मात्र तिच्या घरची नाही. तिचे वडील प्राध्यापक आणि आई परिचारिका. गिफ्टीच्या घरी दारिद्र्य आहे, बाप निघून गेलेला आहे. पहिल्या पुरुषी एकवचनातली कादंबरी दिसली की आपण लगेच आत्मचरित्र शोधायला लागतो. इथे त्यानं काही हाती लागत नाही.

३. पहिली कादंबरी आधी वाचायला हवी का?

नको. दोन्हींचा एकमेकींशी कथेचा काही संबंध नाही.

४. इंग्रजी झेपेल का? आणि काळ सारखा मागेपुढे का होतो?

वाक्यं छोटी आहेत, प्रकरणंही. शब्दकोश फारसा लागणार नाही. अडचण येते ती काळाची. एका परिच्छेदात गिफ्टी प्रयोगशाळेत असते, पुढच्यात सहा वर्षांची असते, त्याच्या पुढच्यात देवाला पत्र लिहीत असते. लहानपणी तिची एक वही होती आणि त्यातली प्रत्येक नोंद देवाला उद्देशून. घरातल्या माणसांना त्या वहीत तिनं सांकेतिक नावं दिली आहेत. आई ‘ब्लॅक मांबा’, म्हणजे तो विषारी साप. वडील ‘चिन चिन मॅन’. चिन चिन हा पश्चिम आफ्रिकेतला तळलेल्या पिठाचा खाऊ, आपल्या शंकरपाळ्यांचा सख्खा भाऊ. तो त्यांना फार आवडायचा.

वाचताना तीन टप्पे डोक्यात ठेवा. गिफ्टीचं बालपण आणि नानाचं आजारपण हा पहिला. ती साधारण अकरा वर्षांची असताना आईचं पहिलं कोसळणं आणि त्या सुट्टीत गिफ्टीची घानात, कुमासीला मावशीकडे झालेली रवानगी हा दुसरा. स्टॅनफर्डमधला वर्तमान हा तिसरा. एवढं लक्षात राहिलं की गोंधळ उडत नाही.

५. इतकी शहरं सोडून हंट्सव्हिलच का?

लेखिका तिथे वाढली हे एक कारण. पण शहर कादंबरीला अगदी शोभणारं आहे. हंट्सव्हिलला ‘रॉकेट सिटी’ म्हणतात. १९६०मध्ये तिथे नासाचं मार्शल अंतराळ केंद्र सुरू झालं, व्हेर्नर फॉन ब्राऊन त्याचे पहिले संचालक. माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न पाच रॉकेट त्यांच्या देखरेखीखाली विकसित झालं. हे सगळं ज्या राज्यात, तो अमेरिकेचा सर्वांत भाविक पट्टा. विज्ञान आणि चर्च एकाच गावात, एकाच रस्त्यावर. आणि अलाबामा असल्यामुळे वर्णद्वेषाचा इतिहासही दाराशी. गिफ्टीचं कुटुंब जातं त्या चर्चमध्ये जवळजवळ सगळे गोरे आहेत. आईला चर्च निवडताना त्याचं काही वाटलं नव्हतं. देव एकच, मग चर्च कुठलंही असो. मुलांना त्याची किंमत मोजावी लागली (प्रश्न १० पाहा).

६. त्यांचा पंथ कोणता? ‘अनोळखी भाषांत बोलणं’ हा काय प्रकार आहे?

पंथ असेंब्लीज ऑफ गॉड, पेंटेकोस्टल ख्रिस्ती परंपरेतला. त्याची स्थापना १९१४मध्ये अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यात झाली. पवित्र आत्मा माणसात संचारतो आणि मग माणूस स्वतःलाही न समजणाऱ्या भाषेत प्रार्थना करू लागतो, अशी या परंपरेची श्रद्धा. आजार प्रार्थनेनं बरा होतो यावरही भर. पश्चिम आफ्रिकेत हा पंथ चांगलाच रुजलेला आहे, त्यामुळे गिफ्टीच्या आईला अलाबामात आल्यावर निदान एक गोष्ट ओळखीची सापडते.

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा सूर बऱ्याचदा ‘काहीतरी विचित्रच!’ असा असतो. म्हणून सांगते, या परंपरेच्या इतिहासात पुणे जिल्ह्याचं नाव येतं. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५मध्ये असंच मोठं धार्मिक चैतन्य उसळलं होतं. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, अनोळखी भाषांत बोलत. लॉस एंजेलिसमधल्या ज्या सभांना पेंटेकोस्टल चळवळीचा आरंभ मानतात त्या १९०६च्या, म्हणजे केडगावच्या नंतरच्या.

७. उंदरांवरचा प्रयोग मला कळलाच नाही. सोप्या मराठीत सांगाल का?

पिंजऱ्यात एक कळ आहे. उंदरानं ती दाबली की त्याला गोड पेयाचा घोट मिळतो. हे पेय म्हणजे एन्शुअर, आपल्याकडे आजारी माणसाला देतात तेच. उंदीर खूश. मग संशोधक त्यात मेख मारतात. कळ दाबल्यावर कधी घोट मिळतो, तर कधी पायाला विजेचा झटका बसतो, आणि केव्हा काय मिळेल याचा नेम नाही.

आता उंदरांचे तीन गट पडतात. काही एक-दोन झटक्यांत शहाणे होतात आणि कळीकडे फिरकत नाहीत. काही जरा उशिरा थांबतात. आणि काही थांबतच नाहीत, कितीही झटके बसले तरी. गिफ्टीचा एक उंदीर झटके खाऊन खाऊन लंगडायला लागलेला आहे, तरी कळीकडे जातोच. पुस्तकातलं हे दृश्य बहुतेकांच्या मनातून जात नाही. पाय दुखावलेला नाना आपल्याला तिथे दिसतो, पण लेखिका ते बोलून दाखवण्याच्या भानगडीत पडत नाही.

गिफ्टीचा प्रश्न असा: थांबणाऱ्या आणि न थांबणाऱ्या उंदरांच्या मेंदूत फरक काय? मेंदूच्या पुढच्या भागातल्या कोणत्या पेशी ‘आता पुरे’ म्हणतात? आणि न थांबणाऱ्याला थांबवता येईल का?

या प्रश्नाची दुसरी बाजू पुष्कळ वाचकांच्या नजरेतून सुटते. गिफ्टीला व्यसनाइतकंच नैराश्यही समजून घ्यायचं आहे. व्यसनात सुखामागे धावताना लगाम उरत नाही. नैराश्यात लगाम इतका आवळला जातो की माणूस सुखाकडे हातच करत नाही. जेवण, आंघोळ, ऊन, लेकीचा आवाज, कशाचीच ओढ नाही. म्हणजे न थांबता कळ दाबणारा भाऊ आणि कळीकडे न बघणारी आई ही तिच्यासाठी एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत. माझ्या मते कादंबरीचा कणा हाच आहे. भावामुळे ती या विषयात आली हे ती कुणालाही सरळ कबूल करत नाही, विषय अवघड आहे म्हणून निवडला असं सांगते. तिनं आईचं नाव तर प्रयोगाच्या संदर्भात घ्यायचंच टाळलं आहे.

८. प्रकाशानं मेंदूतल्या पेशी चालू-बंद करतात म्हणे. हे खरं की कादंबरीतलं?

खरं. या तंत्राला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात. गोड्या पाण्यातल्या एका एकपेशीय शैवालात प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन असतं. त्या प्रथिनाचं जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून उंदराच्या ठरावीक मज्जापेशींत पोचवतात. मग बारीक प्रकाशतंतूतून निळा प्रकाश सोडला की फक्त त्याच पेशी जाग्या होतात, शेजारच्या नाही. कार्ल डायसेरॉथ, एड बॉयडन आणि सहकाऱ्यांचा या तंत्रावरचा पायाभूत शोधनिबंध २००५मध्ये स्टॅनफर्डमधूनच आला. गिफ्टीचं काम लेखिकेच्या जवळच्या मैत्रिणीच्या, क्रिस्टिना किम या मेंदूशास्त्रज्ञाच्या संशोधनावर बेतलेलं आहे. किम यांचा शोधनिबंध २०१७मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

‘मग माणसांची दारू अशी सोडवता येईल का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. आज तरी नाही. माणसात हे तंत्र वापरून एका अंध व्यक्तीला अंशतः दृष्टी परत मिळाल्याचं २०२१मध्ये प्रसिद्ध झालं, पण तो डोळ्याचा पडदा. व्यसनासाठी जिवंत माणसाच्या मेंदूत विषाणू सोडणं ही फार लांबची गोष्ट आहे, आणि गिफ्टीलाही ते पक्कं ठाऊक आहे.

९. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीनं व्यसन कसं लागेल?

गोळीचं नाव ऑक्सिकॉन्टिन. आत ऑक्सिकोडोन हे अफूच्या कुळातलं औषध. पर्ड्यू फार्मा कंपनीनं ती १९९६मध्ये अमेरिकी बाजारात आणली. औषध बारा तासांत हळूहळू सुटतं, त्यामुळे नशा होण्याचा धोका कमी, असा प्रचार झाला. पण गोळी चावली किंवा कुटली की सगळा डोस एकदम मिळायचा. २००७मध्ये धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीनं कबूल केला आणि सहाशे दशलक्ष डॉलरच्या घरातली रक्कम भरली. २०२०मध्ये पुन्हा गुन्हे कबूल केले. मधल्या काळात डॉक्टर मंडळी गुडघेदुखीलाही ती लिहून देत होती. २०१२ सालच्या सरकारी आकडेवारीत अलाबामात दर शंभर माणसांमागे अशा औषधांच्या सुमारे १४३ चिठ्ठ्या फाडल्या गेल्या. माणशी एकीहून जास्त!

शरीर अशा औषधाला पटकन सरावतं, तोच परिणाम व्हायला डोस वाढवावा लागतो, आणि थांबवलं की अंग मोडून येतं, उलट्या होतात, झोप उडते. गोळी महाग आणि चिठ्ठीवरची, हेरॉइन त्यामानानं स्वस्त आणि सहज मिळणारं. नाना या उतारावरून गेला.

एका वाचकानं शंका काढली होती की ऑक्सिकॉन्टिन कुटता येत नाही, मग हे घडेल कसं? कुटायला कठीण अशी गोळी २०१०मध्ये आली. नानाची गोष्ट त्याच्या बरीच आधीची.

१०. अफूजन्य औषधांचं संकट हे गोऱ्या अमेरिकनांचं म्हणतात. मग नायिकेचा भाऊ कृष्णवर्णीय का?

चांगला प्रश्न. पहिल्या लाटेत बळी पडलेले बहुसंख्य गोरे होते हे खरं. त्याचं एक कारण कुरूप आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनेवर डॉक्टरांचा विश्वास कमी, त्यामुळे त्याला अशी औषधं कमी लिहून दिली जात. काळ्या माणसाची कातडी जाड असते यांसारख्या खुळ्या समजुती वैद्यकाच्या गोऱ्या विद्यार्थ्यांतही आहेत, असं व्हर्जिनिया विद्यापीठातल्या २०१६च्या अभ्यासात दिसलं होतं.

नानाला गोळी मिळते, कारण तो शाळेचा स्टार आहे, त्याला लवकर मैदानात उतरवायचं आहे. तोवर तो सगळ्या गावाचा. व्यसन लागल्यावर मात्र तो एकदम ‘त्यांच्यातला’ होतो. चर्चमधल्या बायका आपापसात बोलताना गिफ्टीच्या कानावर पडतं, की या लोकांना ड्रग्जची आवडच असते. ज्या माणसांच्या मांडीवर ती वाढली, त्यांच्या तोंडून. तिची श्रद्धा कुठे तडकली हे शोधायचं असेल तर माझं बोट या पानावर राहील. प्रयोगशाळेत पाऊल टाकायला तिला अजून कित्येक वर्षं आहेत.

११. ‘मन खंबीर असतं तर सुटला असता’ असं आमच्या गटातल्या काकांचं म्हणणं आहे. चूक आहे का?

काकांना सातवा प्रश्न वाचायला द्या. ज्या यंत्रणेनं ‘पुरे’ म्हणायचं तीच दुबळी झालेली असते, मग खंबीर व्हायचं ते कशाच्या जोरावर? मेंदूला सुखापेक्षा हावच जास्त लागते. पुढे पुढे नशेत मजा उरत नाही, ओढ मात्र वाढतच जाते. म्हणून ‘एवढी वाईट अवस्था होऊनही का घेतो?’ या प्रश्नाला व्यसनी माणसाकडे स्वतःलाही पटेल असं उत्तर नसतं.

तरी काकांवर सगळं ढकलू नये. गिफ्टीनंही लहानपणी हेच म्हटलेलं आहे. भावाचा तिला संताप यायचा, तो नकोसा व्हायचा. शास्त्र शिकल्यावर व्यसन हा आजार आहे हे तिला समजलं, आणि तरी राग गेला नाही. पुस्तकातला हा सगळ्यांत प्रामाणिक भाग आहे.

१२. नाना व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन येतो, तरी मरतो. मग केंद्राचा उपयोग काय?

हा प्रश्न ज्यांच्या घरी हे घडतंय तेही विचारतात, म्हणून नीट सांगते. घसरण हा या आजाराचा भाग आहे. एकदा घसरला म्हणजे उपचार वाया गेले असं नसतं. पण अफूजन्य नशेत एक जीवघेणी गोष्ट आहे. काही आठवडे औषध बंद राहिलं की शरीराचा सराव मोडतो. घसरलेला माणूस जुन्या सवयीनं जुनाच डोस घेतो आणि तो आता झेपत नाही. मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं, श्वास थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस म्हणून सर्वांत धोक्याचे.

यावर नालोक्सोन हा उतारा आहे. अमेरिकेत त्याला १९७१पासून मान्यता आहे, पण नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळायला २०२३ उजाडलं. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी औषधं दीर्घकाळ देऊन ओढ काबूत ठेवण्याचा मार्गही आहे आणि तो जीव वाचवतो.

१३. आई डॉक्टरकडे जायला तयार का नाही? इतकी वर्षं अमेरिकेत राहून?

तिच्या लेखी नैराश्य वगैरे ही पाश्चात्त्यांची खुळं आहेत. दुःख झालं तर प्रार्थना करायची आणि कामाला लागायचं. ती वृद्धांची घरी जाऊन शुश्रूषा करायची. पहिला म्हातारा तिला शिव्या घालायचा, तिच्या रंगावरून, तरी ती त्याला न्हाऊ-माखू घालायची आणि पुढच्या पाळीला निघायची. अशा बाईनं ‘मला उठवत नाही’ हे कुणाला सांगायचं?

पण ‘अडाणी आई’ असा शिक्का मारून मोकळे होऊ नका. पहिल्या कोसळण्याच्या वेळी तिला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं होतं, तेव्हा उपचार तिला अनोळखी नाहीत. तिला ते नको आहेत, एवढंच. आपल्याकडे तरी ‘मनाला लावून घेऊ नको’ याच्या पुढे किती घरं जातात? अमेरिकेत चाळीस वर्षं काढलेल्या मराठी घरांतही मधुमेहाच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर असतात आणि मनाच्या गोळ्या कपाटात, कपड्यांच्या मागे.

१४. वडील सरळ निघून गेले. ते खलनायक आहेत, नाही का?

गट इथे हमखास दुभंगतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड आईला लॉटरीत लागलं. तिला मुलाचं भविष्य दिसत होतं, वडील मागाहून तिच्यापाठी आले. उंच, काळा, परक्या उच्चाराचा माणूस. दुकानात त्याच्याकडे चोर म्हणून बघतात, अंगझडती घेतात. घानात जो ताठ चालायचा तो इथे स्वतःला आखडून घ्यायला लागला. मग भेटीला म्हणून मायदेशी गेला आणि परतला नाही. नानानं त्या दिवसानंतर बापाची वाट बघणं कधी सोडलं, हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही.

मी त्याला माफ करत नाही. समजू शकते.

काहींनी विचारलं की ही लॉटरी आपल्याला का नाही लागत? भारतातून आधीच पुष्कळ लोक जातात म्हणून त्या योजनेत भारत बसतच नाही. आपल्याकडे ‘लॉटरी’ म्हटलं की एच-वन-बी, म्हणजे पदवी आणि नोकरी हातात असलेल्यांची सोडत. हा फरक वाचताना लक्षात ठेवावा. बहुतेक मराठी मंडळी अमेरिकेत शिकलेला वर्ग म्हणून उतरली, गिफ्टीची आई अगदी तळाच्या कामावर. ‘अगदी आपल्यासारखंच!’ असं म्हणताना थोडं जपून.

१५. (शेवट फुटतो) शेवटी गिफ्टी देवाकडे परत जाते का?

शेवटच्या प्रकरणात काळ पुढे सरकलेला आहे. गिफ्टीची स्वतःची प्रयोगशाळा आहे, घर आहे, जोडीदार आहे. ती अधूनमधून चर्चमध्ये जाऊन बसते, पण प्रार्थना करत नाही. नुसती बसते. भाविक वाचक म्हणतात, पाहा, परतली. नास्तिक म्हणतात, प्रार्थना कुठे करते? दोघांनाही हवं ते मिळालं की पुस्तक बाजूला पडतं, ही या शेवटाची अडचण. मला तो शेवट जरा घाईचा वाटला. इतक्या सावकाश उलगडलेल्या आईला शेवटी दोन-तीन पानांत आवरलं आहे.

१६. म्हणजे कादंबरी विज्ञानाच्या बाजूची की श्रद्धेच्या?

महाराष्ट्रात हा प्रश्न श्रद्धा-अंधश्रद्धेच्या जुन्या वादाचा चष्मा लावून येतो. तो इथे फार उपयोगी पडत नाही. या घरात बुवाबाजी नाही, कुणी फसवत नाही. उलट, नाना गेल्यावर आणि आई पडून असताना पास्टर जॉन या घराला खरोखर आधार देतात. पण तेच चर्च नानाच्या साध्या प्रश्नापुढे गडबडतं. ज्या आफ्रिकी गावात ख्रिस्ताचं नावच पोचलं नाही तिथली माणसं नरकात जाणार का, असं तो विचारतो आणि युवकांचे पास्टर हो म्हणतात. विचारणारा मुलगाच त्या खंडातून आलेला आहे याचं भान न ठेवता.

विज्ञानाचंही तसंच. प्रयोगशाळेतले सहकारी धर्माची टर उडवतात तेव्हा गिफ्टी गप्प बसते. बायबलमधलं ‘निरंतर प्रार्थना करा’ हे वाक्य तिनं बालपणी शब्दशः पाळून पाहिलं होतं, श्वासाश्वासाला. आपल्याकडच्या नामस्मरणात वाढलेल्यांना ही धडपड लगेच कळेल. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा काप बघताना तिला जे वाटतं ते त्याच जातीचं आहे. मेंदूच्या कोणत्या पेशी काय करतात हे विज्ञान सांगतं. तिचा भाऊच का, हे सांगत नाही. चर्चनं या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि ते खोटं निघालं. बाजू शोधायचीच असेल तर ती इथे, या उघड्या जागेत आहे.

१७. हे सगळं तिकडचं. आपला काय संबंध?

दोन संबंध आहेत. पहिला जुना. १९८०च्या दशकात मुंबईत आणि मग पुण्यात गर्द पसरलं. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइनचंच गावठी रूप. शाळा-कॉलेजातली पोरं त्यात गेली. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा दोष नव्हे, हे मराठी घरांत पहिल्यांदा ठामपणे कुणी पोचवलं असेल तर या मंडळींनी. त्यामुळे अकराव्या प्रश्नातल्या काकांसारख्यांना उत्तर द्यायला अमेरिकेत जायची गरज नाही.

दुसरा संबंध ताजा आणि लाजिरवाणा. २०२५च्या फेब्रुवारीत बीबीसीच्या शोधवृत्तातून उघड झालं की मुंबईतली एक औषध कंपनी टॅपेंटाडॉल हे अफूजन्य औषध आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध यांच्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवते आहे, आणि घानासह तिथल्या देशांत तरुण मुलं नशेसाठी त्या घेत आहेत. त्यानंतर भारत सरकारनं या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात बंद केली. अमेरिकी कंपनीच्या गोळीनं घानाच्या एका मुलाचा जीव गेल्याची कादंबरी आपण हळहळत वाचतो. गोळ्यांची ही खेप आपल्या दारातून निघत होती.

१८. घरात कुणी व्यसनात किंवा नैराश्यात असेल तर वाचावी का?

त्या माणसाला आत्ताच देऊ नका. आईच्या आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे आणि तो लहान मुलीच्या नजरेतून आहे, जपून. सोबत राहणाऱ्या माणसानं मात्र जरूर वाचावी. राग, लाज, दमणूक, ‘संपलं एकदाचं’ असं क्षणभर वाटून जाणं, या गोष्टी आपल्याकडे बोलता येत नाहीत आणि गिफ्टी त्या बोलते.

प्रत्यक्ष मदत हवी असेल तर कादंबरीवर थांबू नये. भारतात व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही विनामूल्य. अमेरिकेत ९८८. मुक्तांगणसारख्या ठिकाणी घरच्यांसाठीही वेगळ्या बैठका असतात. पेशंट यायला तयार नसला तरी घरच्यांनी जाऊन यावं.

१९. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला द्यावी का? आणि शाळकरी मुलांना?

कॉलेजातल्या मुलीला बेलाशक. विज्ञान शाखेतली असेल तर आधी तिला द्या आणि सातव्या-आठव्या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडूनच ऐका, माझ्यापेक्षा बरी सांगेल. सोळाच्या आतल्यांना एकटं वाचायला देऊ नये. तुम्ही आधी वाचा, मग ठरवा. खेळात असलेलं मूल घरी असेल तर निदान नववं उत्तर त्याच्याशी बोला: दुखापतीनंतर डॉक्टरांनी गोळी दिली की ती कसली आहे, किती दिवस घ्यायची आणि उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं, हे तिथेच विचारायचं असतं.